सातवा रुपया

काचीगुडा, हैदराबाद
आषाढी एकादशी, ६ जुलै २०२५

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी फोनवर तू विचारलंस, "मावशी, पगारातले किती बाजूला टाकू?" आणि मी विषय बदलला. तू स्पीकरवर होतास, मागून तुझ्या फ्लॅटमधल्या पोरांचा आवाज येत होता, आणि चारचौघांत पैशाचं बोलायचं नाही ही आपल्या घरची जुनी खोड. आज उपास, स्वयंपाकाचा व्याप नाही, साबुदाणा भिजलेला आहे. तेव्हा निवांत लिहिते.

आकडा आधी सांगते. हातात बासष्ट हजार येतात ना? त्यातले वीस हजार. पगार जमा होईल त्याच दिवशी. आता हा आकडा आला कुठून तेही सांगते, नाहीतर म्हणशील मावशीने बँकेतल्या सवयीने ठोकून दिला.

तुझे आजोबा, आमचे नाना, १९४६ साली परभणीहून हैदराबादला आले आणि निजाम सरकारच्या एका दफ्तरात कारकून म्हणून चिकटले. पगार, त्यांच्या भाषेत तनखा, हाली शिक्क्यात मिळे. हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली मोजले की सहा कलदार हातात येत. घरावर कर्ज होतं ते सोलापूरच्या सावकाराचं. सोलापूर इंग्रजी मुलुखात, तिथे हाली कोण घेणार? म्हणून नाना सगळा हिशेब कलदारात करत. सातातला एक गेलाच, असं धरून.

पुढे कर्ज फिटलं. १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, मग हिंदुस्थानचा रुपया आला, आणि १९५९ मध्ये हाली कायमचा मोडीत निघाला. नानांची मोजणी मात्र बदलली नाही. सात रुपये आले की सहाच आले असं ते धरत. सातवा रुपया आईच्याही हाती पडत नसे. तो परस्पर गनफाउंड्रीच्या बँकेत जाई. त्यांची वही माझ्याकडे आहे. जमाखर्च मराठीत, आकडे उर्दूत. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण उर्दूत झालेलं, आकडेमोड त्याच लिपीत सुचायची. त्या सातव्या रुपयांतून हे घर झालं आणि आम्ही दोघी बहिणी शिकलो. ती बँक म्हणजे १९४१ ची हैदराबाद स्टेट बँक, जिच्यात पुढे १९८२ साली मी नोकरीला लागले आणि जी २०१७ च्या १ एप्रिलला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पासबुकावरचं नाव बदललं तेव्हा नाना असते तर म्हणाले असते, "हाली गेला, हीही गेली."

सातातला एक म्हणजे शंभरात चौदा. नानांना तेवढे पुरले, तुला पुरणार नाहीत. नाना जास्त काटकसरी होते म्हणून नव्हे, त्यांना मरेपर्यंत पेन्शन होतं म्हणून. त्यांच्यामागे आईला मिळत राहिलं. मलाही आहे. तुझ्या पगाराच्या स्लिपवर पीएफसमोर १,८०० हा आकडा आहे, तो नीट बघ. कंपनीने तुझा पीएफ पूर्ण मूळ पगारावर न कापता १५,००० च्या मर्यादेवर कापला आहे. कंपनीही तेवढेच घालते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेकडे वळतात आणि तुझ्या पीएफ खात्यात पडतात फक्त ५५०. म्हणजे महिन्याला साठतात २,३५०. व्याज चांगलं आहे, गेल्या वर्षीचं सव्वाआठ टक्के. पण पस्तीस वर्षं नोकरी केलीस तरी आजच्या सूत्राने पेन्शन बसतं महिना साडेसात-आठ हजार. आज तुझ्या वाट्याचं कोंडापूरचं भाडंच अकरा हजार आहे. म्हणून सातवा नाही, तिसरा हिस्सा.

आणखी एक गोष्ट. आमच्या पिढीला बचत करायला सरकार कान धरून लावी. ८० सी ची सूट घ्यायची तर पैसे कुठेतरी अडकवावेच लागत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या काउंटरवर रांग लागे. शिव्या देत का होईना, लोक पीपीएफ भरून जात. नव्या करपद्धतीत ती सूट नाही, आणि तुझ्या पगारावर यंदा करही लागत नाही. कर वाचला ही चांगलीच गोष्ट. पण कान धरणारं कोणी उरलं नाही, आणि मला तुझ्या वयाच्या पोरांची काळजी वाटते ती याच कारणाने. हसू नकोस.

किती टाकू हे तू एकदा विचारलंस, कुठे टाकू हे पाच वेळा. हे तुझं चुकतंय. पाच वर्षं महिना २०,००० टाकलेस तर तुझे स्वतःचे १२ लाख होतात. ते सात टक्क्यांनी वाढले तर सव्वाचौदा लाखांच्या थोडे वर जातील, बारा टक्क्यांनी वाढले तर सव्वासोळाच्या. फरक दोन लाखांचा, आणि बारा टक्के मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही. उलट सात टक्क्यांवरच राहिलास आणि २०,००० चे ३०,००० केलेस, तर साडेएकवीस लाखांच्या जवळ जाशील. पहिली पाच-सात वर्षं तुझी पुंजी वाढवणार तो तुझा हात, बाजार नव्हे. रात्री दोन वाजेपर्यंत शेअरचे व्हिडिओ बघण्यापेक्षा झोप काढ. गंगाजळी मोठी झाली की मग 'कुठे'ला किंमत येते. तोवर तुलाही थोडी अक्कल आलेली असेल.

हात वाढवायचा कसा? पगारवाढीतून. वाढलेल्या रकमेतली अर्धी तुझी, अर्धी बचतीची. बासष्टचे लाख झाले तर अडतीस हजार वाढले, त्यातले एकोणीस इकडे, एकोणीस तिकडे. खर्चाचे बेचाळीसचे एकसष्ट झाले, म्हणजे चैन वाढलीच की. आणि बचत वीसची एकोणचाळीस झाली. यात कुठेही पोटाला चिमटा नाही.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या आईलाही ही पूर्ण माहीत नाही. २००१ च्या सुमाराला आपल्या शहरातल्या एका नागरी सहकारी बँकेत मी तीन लाख ठेवले. नाव लिहीत नाही. आमच्या बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त होतं. मी स्वतः बँकेत, दिवसभर लोकांना शहाणपण सांगणारी! ती बँक बुडाली. ठेवविमा तेव्हा लाखापुरता होता, त्यातून एक लाख मिळाले, तेही दोन वर्षं खेटे घातल्यावर. रांगेत माझा एक ग्राहक भेटला. त्याने विचारलं, "मॅडम, तुम्हीपण?" मी म्हटलं, "हौ." दुसरं काय म्हणणार! आता विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. तरी एका बँकेत त्याच्या वर ठेवायचं नाही आणि दोन टक्क्यांना भुलायचं नाही.

म्हणूनच तेल्लापूरच्या त्या प्री-लाँच फ्लॅटचा नाद सोड. निम्म्या भावात देतो, सगळे पैसे आत्ता भर, कागद नंतर: या बोलीवर हैदराबादेत शेकड्यांनी कुटुंबं अडकली आहेत. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय प्रकल्पाची जाहिरातसुद्धा करता येत नाही, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. विकणारा पोरगा कितीही गोड बोलला तरी आधी नोंदणी क्रमांक माग. नसेल तर "नक्को भाई" म्हणून परत ये.

कंपनी शेअर देणार म्हणालास. घे, पण हातात आले की थोडे थोडे विकून पैसा दुसरीकडे लाव. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या खोटेपणाची कबुली दिली आणि १७९ रुपयांचा शेअर त्याच दिवशी चाळिशीवर आला. ज्यांचा पगारही तिथला आणि पुंजीही तिथलीच, त्यांचे दोन्ही पाय एकदम घसरले. ऑफिसातल्या चिट्टीचं म्हणशील तर ती आपली भिशीच. नोंदणीकृत असेल तर वाईट नाही, पण तिला गुंतवणूक समजू नकोस.

पहिलं वर्ष काही ठरवायचंच नाही. सहा महिन्यांचा खर्च, अडीच लाख, मुदत ठेवीत साठव. नोकरी गेली तर घरी परभणीला तोंड लपवून जावं लागू नये एवढ्यासाठी. त्यानंतर बारा हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात, पाच पीपीएफमध्ये (आज ७.१ टक्के), तीन बँकेत. कंपनीचा आरोग्य विमा असला तरी स्वतःचा वेगळा काढ. नोकरी सुटली की कंपनीचा त्याच दिवशी संपतो. नोकरी बदललीस की पीएफ काढून मोबाईल घेऊ नकोस, खातं पुढे ने.

आईला पाच हजार पाठवतोस ते बचतीत धरू नकोस. ते देणं आहे, आणि ताई ते तुझ्याच नावाने ठेवते हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. उरलेल्या पैशांचं काय केलंस ते मी कधी विचारणार नाही. बूट घे, गाडी घे, मित्रांबरोबर हिंड. नाना सहा रुपयांचा हिशेब माझ्या आईकडे कधी मागत नसत.

राहता राहिलं एक. ताई म्हणाली, पीएफच्या आणि बँकेच्या दोन्ही खात्यांवर तू अजून नॉमिनी लावलेला नाहीस. छत्तीस वर्षं मी काउंटरवर होते. मुलगा गेल्यावर त्याचं पासबुक घेऊन आलेल्या आयांना वारसाचे कागद मागणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम होतं. मोबाईलवर दहा मिनिटांत होतं म्हणतात. हे पत्र वाचून झालं की आधी तेवढं कर, आणि झालं की मला कळव.

तुझी,
मावशी