हर्क्युलिसचा सदरा

यवतमाळात बसून पोरांसाठी ग्रीक पुराणांवरून नव्या वीरकथा लिहितो. लिहिता लिहिता जे उमगलं ते असं:

१. पराक्रम सगळेच उचलतात, तुम्ही त्याची किंमत उचला. लेर्नाच्या दलदलीतली हायड्रा हर्क्युलिसने मारली, हे ठाऊक असतं. एक मुंडकं छाटलं की तिथे दोन फुटत. पण तिच्या विषात त्याने आपले बाण बुडवून ठेवले, तिथून पुढची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. अशाच एका बाणाने नेसस हा अर्धा माणूस-अर्धा घोडा मेला. मरताना त्याने आपलं रक्त हर्क्युलिसच्या बायकोला, डियानिराला दिलं, नवरा कायम तुझाच राहील म्हणून. तिने भाबडेपणाने ते हर्क्युलिसच्या सदऱ्याला लावलं. सदरा अंगाला चिकटला, कातडी जळाली. कुठल्याही शत्रूला न हरलेला वीर स्वतःच साठवलेल्या विषाने गेला.

२. २०१७ चा पावसाळा आठवा. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, पाठीवर फवारणीचा पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, वारा तोंडावर, सदरा भिजून पाठीला चिकटलेला. जिल्ह्यात शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही दाद दिली नाही. आम्हाला हायड्रा शोधायला लेर्नाला जावं लागत नाही. माझ्या कथेची नायिका एक शाळकरी पोरगी आहे. बाप शेतातून आला की ती उंबऱ्यावरच अडवते, "बाबा, पयले सदरा काढा." साबणाने अंग धुवायला लावते. त्याला गरगरायला लागतं तेव्हा दवाखान्यात नेताना औषधाचा रिकामा डबा सोबत घेते, म्हणजे कशाची बाधा झाली ते डॉक्टरला कळेल. हे काम हर्क्युलिसच्या बारा कामांत नाही. मी तेरावं केलं.

३. सोबत्याला पुसून टाकू नका. छाटलेल्या मानांना पेटत्या लाकडाने डाग देणारा पुतण्या आयोलॉस नसता तर हायड्रा मेली नसती. मदत घेतली म्हणून, ही कामं नेमून देणाऱ्या राजा युरिस्थियसने ते काम मोजलंच नाही! नुकसानभरपाईसाठी कागद घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना हा राजा लगेच ओळखू येतो. (पोरांचा तो भारी लाडका. हर्क्युलिसने जिवंत रानडुक्कर आणलं तेव्हा बेटा रांजणात लपला होता.)

४. हर्क्युलिसने सिंह मारून त्याचं कातडं पांघरल्याची गोष्ट इथे तशीच चालत नाही. अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. राळेगाव-पांढरकवड्याकडच्या गावांनी माणसं गमावली होती, दूरची माणसं वाघिणीसाठी हळहळत होती. माझी कथा मागे राहिलेल्या दोन बछड्यांपासून सुरू होते. तिच्यात वीर कोण, ते मी अजून ठरवलेलं नाही.

५. गोंडांच्या लिंगोला ग्रीक साच्यात ओतू नका. त्याला पूजणारे आपले शेजारी आहेत.

६. बोली इथलीच ठेवा. एस्किलसने ख्रिस्तपूर्व ४५८ मध्ये एकाच घराण्यावर तीन नाटकं सादर केली. आपल्या जिल्ह्यातल्या पारव्यात १९३९ साली जन्मलेल्या महेश एलकुंचवारांनीही 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तीन नाटकं एकाच देशपांडे घराण्यावर लिहिली. एकाने दुसऱ्याचं घेतलं, असं मी म्हणत नाही. पण त्या वाड्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, म्हणून तर ती इथली वाटतात. माझा आयोलॉस घाटंजीचा आहे आणि हर्क्युलिसला काकाजी म्हणतो.