तापात आकडी आली तर
लहान मुलाला तापात आकडी आली की आपण कांदा हुंगवतो, दातांत चमचा घालतो, अंगारा शोधतो. यात मोलाची मिनिटे जातात. ६ महिने ते ५ वर्षे या वयात अशी आकडी येऊ शकते. बहुधा ती आपोआप थांबते. आपण मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. आकडी ५ मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली, ओठ निळे पडले, श्वासाला त्रास होऊ लागला किंवा मूल शुद्धीवर येईना, तर १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठावे. पहिलीच आकडी असल्यास ती थांबली तरी लगेच डॉक्टरांना दाखवावे. आईइतकेच हे बापानेही पाठ करावे.