दह्यातले आम्ल आणि सॉकरचे मैदान

मुलांनो, सॉकरच्या सरावात कोच तुम्हाला शंकूंमधून नागमोडी पळायला लावतात. मग शिटी वाजते आणि सुसाट धाव! अशा वेळी रक्तात काय घडते ते पाहू.

जोरात पळताना स्नायूंना झटपट शक्ती लागते. ती ते साखरेपासून मिळवतात. त्यातून लॅक्टेट तयार होते व रक्तात उतरते. स्वस्थ बसलो असताना एक लिटर रक्तात ते सुमारे १ मिलिमोल असते. लागोपाठ जोरदार धावांनंतर मोठ्या माणसांत ते १० च्याही वर जाऊ शकते. लहान मुलांत ते कमी वाढते. याच्या आम्लाला मराठीत दुग्धाम्ल म्हणतात, कारण १७८० साली शेले या शास्त्रज्ञाला ते आंबलेल्या दुधात सापडले. आपल्या दह्याची आंबट चवही त्याचीच!

“हे आम्ल साचते म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात,” असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. साधारण तासाभरात लॅक्टेट पूर्ववत होते. हृदय ते इंधन म्हणून वापरते, यकृत त्याची पुन्हा साखर बनवते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे असते. ती भरून यायला विश्रांती लागते. म्हणून पालकहो, पाय दुखतात म्हणणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नका.

शब्दार्थ : नागमोडी – सापासारखे वळत, यकृत – लिव्हर, तंतू – धागा.

स्वाध्याय : १. लॅक्टेटचे पुढे काय होते? २. ‘नागमोडी’ शब्द वापरून वाक्य लिहा.