वैशाखात किनाऱ्यावर जाताय? आधी तिथी बघा

‘दक्षिण कोकणात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस.’ मे महिन्यात हवामान खात्याचं असं वाक्य आलं की भटक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. अर्धे म्हणतात, रद्द करा. अर्धे म्हणतात, खात्याचा अंदाज कधी खरा ठरलाय? ‘तुरळक’ म्हणजे नेमकं किती, हे मात्र कुणीच बघत नाही. त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. गुहागरला धो धो आणि वेळणेश्वरला कोरडं ठाक, असं झालं तरी अंदाज बरोबरच. पण किनाऱ्यावर फिरणाऱ्याची खरी अडचण पाऊस नव्हेच. भिजल्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते भरतीची वेळ न बघितल्यामुळे, आणि ती पावसाच्या अंदाजात लिहिलेली नसते.

आधी आकाशाचं उरकून टाकू. वळवाच्या पावसाची चाल साधारण ठरलेली असते. सकाळ निवांत जाते, दुपारी घामाच्या धारा लागतात, दोन-तीनच्या सुमाराला सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढायला लागतात आणि वरच्या थरात पूर्वेचे वारे असले तर संध्याकाळी तेच ढग घाट उतरून खाली येतात. म्हणून या दिवसांत समुद्राकडे तोंड करून ढग शोधू नका, पाठीमागे डोंगराकडे बघा. खात्याच्या इशाऱ्यातला जिल्ह्याचा रंग सकाळी पाहिला की काम संपलं असंही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. पण तासातासाची कुंडली पुढच्या तीन तासांच्या तातडीच्या अंदाजात असते. दुपारनंतर तोच उघडून बघायचा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असू द्या. रेंज नसेल तर कान आहेतच: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी बुरूज, उघडा कातळसडा, मोकळी पुळण आणि एकटं माडाचं झाड, चारही टाळायचे. कातळशिल्पं बघायला जाणाऱ्यांनी तर सकाळचीच वेळ धरावी. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर मैलभर आडोसा नसतो.

आणि ‘मान्सूनला अजून वेळ आहे’ या भरवशावर मेचा शेवटचा आठवडा ठरवू नका. 2025 साली मान्सून 25 मे रोजी देवगडपर्यंत आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत दाखल झाला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून.

आता समुद्र. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अजूनही चालते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. पक्ष कुठलाही असो. त्यापासून सव्वासहा तास पुढे-मागे गेलात की पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा ऐन वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात ताडून घ्या. पण घरी कालनिर्णय समोर ठेवून आखणी करायला हा हिशोब पुरतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा दोन्हीकडची ओढ कमी. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: पाणी सारख्या वेगानं चढत नाही. ओहोटीनंतरचा पहिला तास जवळजवळ काहीच हलत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात ते झपाट्यानं येतं. माणूस फसतो तो त्या पहिल्या तासावरून अंदाज बांधून.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून तो सोपा समजला जातो. दशमीला ओहोटी साधारण दीडच्या सुमाराला, म्हणजे साडेबाराला निघून अडीचपर्यंत परत वाटेला लागायचं. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, शेजारी सर्जेकोट, एवढं बघायला तास-सव्वा तास पुरे. अमावास्येला मात्र ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. तेव्हा पहाटेचीच धरा. संध्याकाळची ओहोटी गाठायला गेलात तर परतताना अंधार, वाढतं पाणी आणि वर वळवाचे ढग, तिन्ही एकत्र भेटतात. अनवाणी तर मुळीच जाऊ नका. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या तळव्यात शिरतात. पायाला घट्ट बसणारे, पट्ट्याचे सँडल हवेत. रबरी चपला वाळूत रुतून तिथेच राहतात. घोडागाडीवाल्यांनी माघारी फिरायला सुरुवात केली की तुमचा फोटो राहिला असला तरी निघा. त्यांना तक्ता बघावा लागत नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याहून नाजूक. देवळामागे दगडी पायऱ्या दोन खडकांमधल्या अरुंद फटीतून थेट समुद्रात उतरल्यासारख्या उतरतात. खाली लाटांनी कोरलेला सपाट कातळ, त्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं, एका हाताला उभा कडा आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र. मधेच लाट आली तर चढून जायला जागा नाही. ही वाट फक्त ओहोटीची, तीही समुद्र शांत असतानाची. माणसं वाहून गेल्याच्या घटना इथे घडल्या आहेत आणि तसे फलक लावलेलेही आहेत. फलकाशी उभं राहून सेल्फी काढणारे मला कधी कळले नाहीत. हेदवीच्या बामणघळीचा प्रकार उलटा: तिथे गंमत भरतीलाच असते, घळीत घुसलेलं पाणी उंच उसळतं. ती लांबूनच बघायची, कातळ ओला दिसतो त्या रेषेच्या बरंच अलीकडे थांबून.

तिथी बघितली, आकाश निरभ्र, वारा नाही, तरीही समुद्र अंगावर येऊ शकतो. एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष घडतं. दूर दक्षिणेत, हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाला वादळ होतं आणि तिथून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. वाऱ्यानं इथल्या इथे उठलेल्या लाटा सहा-आठ सेकंदांनी येतात, या पंधरा-अठरा सेकंदांनी. उंची मीटर-दीड मीटरच, म्हणून बघणाऱ्याला काही वाटत नाही. पण त्यांच्या पोटात पाणी खूप असतं आणि पुळणीवर त्या फार आतपर्यंत घुसतात. त्यात उधाण जुळलं की किनाऱ्यालगतची वाडी, रस्ता, पार्किंग, सगळ्यात पाणी. मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात अशा लाटांचा इशारा दिला गेला होता, मुंबई महापालिकेनंही लोकांना किनाऱ्यापासून दूर राहायला सांगितलं होतं. त्याच दिवसांत, 6 मे रोजी, कन्याकुमारीजवळच्या लेमूर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले.

हा इशारा हवामान खात्याच्या पावसाच्या पानावर सापडणार नाही. तो हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे ‘इन्कॉइस’कडून येतो. तिथे जिल्हावार लाटांची उंची आणि दोन लाटांमधला अवधी दिलेला असतो. उंचीपेक्षा अवधी बघा. पंधरा सेकंदांच्या पुढे असेल तर खडकांवरचे सगळे बेत रद्द. इशारा नसला तरी पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बसून बघायचं, कारण या लाटा झुंडीनं येतात आणि मधे समुद्र गरीब गाईसारखा दिसतो. पुळणीवर ओल्या वाळूची आणि ताज्या कचऱ्याची रेषा कुठवर आहे तेही पाहा. तंबू तिच्या चांगला वर, सुरूच्या बनाच्या मागच्या अंगाला. गाडी तर पुळणीवर घालूच नका. दर मोसमात कुणाची तरी गाडी वाळूत रुतते, भरती येते आणि गावचा ट्रॅक्टर शोधायची वेळ येते.

पाऊस आणि भरती एकत्र आली की खाडीकाठ अवघड होतो. पूर्ण भरतीला खाडीचं तोंड जणू बंद असतं. डोंगरावरून आलेलं पाणी समुद्रात शिरू शकत नाही आणि मागे तुंबतं. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात हेही एक कारण होतं. मेमध्ये तेवढं पाणी नसतं, पण नारिंगी इशारा आणि उधाण एकाच दिवशी असतील तर खाडीलगतचं स्वस्त होमस्टे सोडून वरच्या आळीत जागा घ्या.

होड्यांचं गणित साधं आहे. सिंधुदुर्ग, जंजिरा यांसारख्या जलदुर्गांची प्रवासी वाहतूक 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असते. त्याआधीही बंदरात तीन नंबरचा बावटा लागलेला दिसला तर होडीवाल्याशी घासाघीस करायला जाऊ नका. जो त्या दिवशी जादा पैसे घेऊन न्यायला तयार होतो, त्याच्या होडीत तर बसूच नका. अंदाजाच्या पानावर ‘मच्छीमारांसाठी सूचना’ असते, ती आपल्यासाठी नाही असं समजून बहुतेक जण पुढे सरकतात. जलदुर्ग करणाऱ्यानं सगळ्यात आधी वाचायची ओळ तीच.

परतीचा रस्ताही आधीच ठरवून ठेवा. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे या फेरीबोटी वारा वाढला की थांबतात आणि मग मोठा वळसा पडतो. वळवात वीज गेली की पेट्रोलपंप आणि यूपीआय दोन्ही बसतात. टाकी शनिवारीच भरा, खिशात थोडी रोकड असू द्या, आणि रविवारी दुपारचं जेवण लवकर उरकून ढग चढायच्या आत घाट गाठा.