ऑफिसच्या इंग्रजीवर पैसे किती घालावेत?

‘गिव्ह मी अ बॉलपार्क बाय ईओडी.’ एवढ्या एका ओळीचा मेल येतो आणि नव्यानं रुजू झालेली मुलगी संध्याकाळभर पै-पैचा हिशेब मांडत बसते. समोरच्याला हवा असतो फक्त अंदाजे आकडा. शिवाय ईओडी म्हणजे दिवसअखेर, पण दिवस कुणाचा? न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून अडीच-साडेतीन झालेले असतात. व्याकरण पक्कं असलेली माणसंही इथे अडतात. या अडण्याच्या धास्तीवरच ‘३० दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्या क्लासचे फलक उभे आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. वाक्प्रचार शिकण्यासाठी फी भरू नका, ते फुकट मिळतात. पैसे घालायचेच असतील तर बोलण्याच्या सरावावर घाला.

फुकटात काय मिळतं ते आधी पाहू. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या ‘द इंग्लिश वी स्पीक’ या मालिकेचा एकेक भाग जेमतेम तीन मिनिटांचा असतो. भागागणिक एक वाक्प्रचार, आणि सोबत सगळा संवाद लिहून दिलेला. केंब्रिज आणि ऑक्सफर्डचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश ऑनलाइन मोफत आहेत. त्यात अर्थाशेजारी ‘अनौपचारिक’, ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकन’ अशा खुणा असतात, त्या जरूर वाचा. बैठकीत एखादा मुद्दा ‘टेबल’ करू, असं लंडनचा माणूस म्हणाला तर तो चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा.

पुस्तकच हवं असेल तर मायकेल मॅकार्थी आणि फेलिसिटी ओडेल यांचं ‘इंग्लिश इडियम्स इन यूज’ घ्या. डाव्या पानावर समजावणी, उजव्यावर स्वाध्याय. आधी वाचनालयात विचारा, नसेल तरच विकत घ्या.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे शंभर पानी वही. यादी पाठ करू नका. आपल्याच टीमच्या मेलमध्ये, कॉलवर जे कानावर पडतं ते अख्ख्या वाक्यासकट लिहा: कोण कुणाला म्हणालं, कशावरून म्हणालं आणि पुढे काय झालं. ‘लेट्स टेक इट ऑफलाइन’ असं मॅनेजर म्हणाले आणि बैठक संपल्यावर त्यांनी दोघांनाच थांबवून घेतलं, ही नोंद कोशातल्या अर्थापेक्षा जास्त शिकवते. समजायला लागलं म्हणून लगेच वापरायची घाई नको. चार-पाच वेळा ऐकल्याशिवाय तोंडात घेऊ नका; ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये तर साधं, सरळ इंग्रजीच बरं. आणि कळलं नाही तर विचारा: ‘जस्ट टू कन्फर्म, डू यू नीड अ रफ फिगर?’ असं विचारल्यानं कुणी कमी लेखत नाही. काम चुकलं तर मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आता क्लास. खिशात हात घालण्याआधी एचआरकडे चौकशी करा. प्रशिक्षणाचा खर्च बऱ्याच कंपन्या स्वतः करतात. तसं नसेल तर फीच्या आकड्यापेक्षा बॅचमध्ये किती जण आहेत ते पाहा. समजा फी १२,००० रुपये, एकूण ३६ तास आणि बॅचमध्ये २० जण. निम्मा वेळ शिकवण्यात गेला तर तुमच्या वाट्याला बोलायला संपूर्ण कोर्सात ५४ मिनिटं येतात, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे रुपये! त्याच फीत सहा जणांची बॅच असेल तर तीन तास बोलायला मिळतं. तासाला ५०० रुपये घेणारे खासगी शिक्षक वरवर महाग वाटतात, पण तिथे निम्मा वेळ तुम्ही बोललात तरी मिनिटाला सतरा रुपयांच्या आत भागतं. चुका त्याच क्षणी दुरुस्त करणारं माणूस समोर असतं, ते वेगळंच.

सांगितलेल्या फीत जीएसटी धरला आहे का, हे आधीच विचारा. खासगी क्लासला तो १८ टक्के लागतो. म्हणजे १२,००० चे १४,१६० होतात. क्लासकडे जीएसटी नंबरच नसेल तर त्यांना हा कर तुमच्याकडून घेता येत नाही. हप्त्यांची सोय पुढे केली की कागद नीट वाचा. पुष्कळदा ते फायनान्स कंपनीकडून तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं; क्लासला टाळं लागलं तरी कंपनी हप्ते मागत राहते. दोन तास बसून पाहू द्या म्हणावं, आणि मध्येच सोडल्यास फी किती परत मिळेल ते पावतीवर किंवा मेलवर लिहून घ्यावं. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी विचारत नाही.

फी अडवलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पावती, जाहिरातीचा फोटो आणि क्लासशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश मात्र जपून ठेवलेले हवेत.