अंतर किती, वेळ किती? : वणी ते दिल्लीचा एक पाठ

वणीच्या बाजारपेठेतून सप्तशृंग गड स्पष्ट दिसतो. मात्र गडावर जावयाचे झाल्यास नांदुरीपर्यंत जाऊन पुढे सुमारे १० कि.मी. घाटरस्ता चढावा लागतो. डोळ्यांना दिसणारे अंतर आणि पायाखालचे अंतर यांतील हा फरक या भागातील शाळकरी मुलासही ठाऊक असतो. विमानप्रवासाचा हिशेब समजून घेण्यास हाच अनुभव उपयोगी पडतो.

ओझर येथे १९६४ पासून विमाननिर्मितीचा कारखाना आहे. तेथील धावपट्टीलगत, दिंडोरी तालुक्यातील जानोरीच्या परिसरात, २०१४ मध्ये प्रवासी टर्मिनल उभे राहिले. वणीही याच तालुक्यात असल्याने दिल्लीचा प्रवास आता तालुक्यातूनच सुरू होऊ शकतो.

हवाई अंतराचे गणित

ओझर विमानतळ २० अंश ७ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा विमानतळ २८ अंश ३४ मिनिटे उत्तर व ७७ अंश ६ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक ८ अंश २७ मिनिटे होय. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ कि.मी. धरल्यास हे अंतर ९३८ कि.मी. भरते. रेखांश ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत असल्याने या पट्ट्यात एका रेखांशाचे अंतर सुमारे १०१ कि.मी.च असते, म्हणून ३ अंश ११ मिनिटांचे ३२१ कि.मी. होतात. हे दोन्ही काटकोन त्रिकोणाच्या बाजू मानल्यास कर्ण सुमारे ९९० कि.मी. येतो. पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक येथे किरकोळ आहे. लोहमार्गाने नाशिकरोड ते दिल्ली हेच अंतर सुमारे १,३५० कि.मी. आहे.

उड्डाणाचा वेळ

जेट विमानाचा आकाशातील वेग ताशी सुमारे ८०० कि.मी. असतो. त्या हिशेबाने सव्वा तास पुरावयास हवा. परंतु धावपट्टीवरील हालचाल, चढण, उतरण आणि गर्दीच्या विमानतळावरील प्रतीक्षा यांमुळे प्रत्यक्षात सुमारे दोन तास धरावे लागतात. वाऱ्याची दिशा अनुकूल वा प्रतिकूल असल्यास त्यात काही मिनिटांचा फरक पडतो.

घरापासूनचा हिशेब

प्रवाशाच्या दृष्टीने मात्र उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंतचा वेळ हाच खरा वेळ होय. वणीहून विमानतळ सरळ रेषेत सुमारे २५ कि.मी. असला, तरी रस्त्याने एक तास राखून ठेवणे इष्ट. तपासणीसाठी दोन तास आधी पोचावे लागते. उड्डाणाचे दोन आणि दिल्ली शहरात जाण्याचा एक, असे मिळून सहा तास होतात. वेगवान आगगाडीला नाशिकरोडहून सुमारे पंधरा तास लागतात. बचत मोठी आहे. पण ती दोन आणि पंधरा यांतील नव्हे, हे ध्यानी घ्यावयास हवे.

ज्यास दिल्लीच्या रुग्णालयात ठरल्या वेळी रुग्ण न्यावयाचा आहे, किंवा ज्या सरपंचास सकाळच्या बैठकीस हजर राहावयाचे आहे, त्याने केवळ उड्डाणाच्या दोन तासांवर विसंबल्यास वेळ हुकण्याचा संभव असतो. शिवाय विमानांची वेळापत्रके बदलत असतात. निघण्यापूर्वी त्यांची खात्री करून घेणे अगत्याचे ठरते.

शिक्षकांनी नकाशा व मोजपट्टी घेऊन हे उदाहरण वर्गात सोडवून घ्यावे. भूगोल, भूमिती आणि व्यवहार यांची सांगड त्यातून सहज घालता येईल. गडाकडे बोट दाखवून पाठाचा आरंभ केल्यास मुलांना तो अधिक लवकर उमजेल.