खलाशाची इंग्रजी

इ. स. 1878 च्या जून महिन्याची दहावी तारीख. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट बंदरात एक आगबोट येऊन थांबली आणि तिच्यातून वीस वर्षांचा एक पोलिश तरुण खाली उतरला. त्याचे नाव योझेफ कोझेनिओव्स्की. पोलिश ही त्याची मातृभाषा. फ्रेंचही तो अस्खलित बोले. परंतु ज्या भूमीवर त्याने पाऊल ठेवले होते, तेथील इंग्रजी भाषा मात्र त्याला जवळजवळ मुळीच येत नव्हती.

त्याचे बालपण दुःखात गेले होते. पोलंड देश त्या काळी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटला गेला होता. त्याचे वडील कवी व भाषांतरकार होते. देशाच्या स्वातंत्र्यासाठी खटपट केल्यामुळे त्यांना रशियात दूर हद्दपारी भोगावी लागली. आई लवकर वारली आणि योझेफ अकरा वर्षांचा असताना वडीलही गेले. पुढे मामांनी त्याचा सांभाळ केला. समुद्राची ओढ लागलेला हा मुलगा सतराव्या वर्षात फ्रान्समधील मार्सेय बंदरी खलाशी होण्यासाठी गेला. काही वर्षांनी फ्रेंच जहाजांवर नोकरी मिळणे अशक्य झाले, तेव्हा तो इंग्रजी जहाजांकडे वळला.

लोस्टॉफ्टला त्याला कोळसा वाहून नेणाऱ्या एका छोट्या शिडाच्या जहाजावर काम मिळाले. तेच त्याचे पहिले इंग्रजी विद्यालय. तेथे फळा नव्हता, पाठ्यपुस्तक नव्हते. किनाऱ्यावरचे धिप्पाड खलाशी हेच त्याचे गुरू. शिडाच्या जहाजावरील प्रत्येक दोराला स्वतंत्र नाव असते. ‘शीट’ म्हणजे चादर किंवा कागद, असे आपण शिकतो; पण खलाशाच्या भाषेत ‘शीट’ म्हणजे शिडाचे खालचे टोक ताणून धरणारा दोर! वादळात हुकूम सुटला आणि भलताच दोर हाती धरला, तर साऱ्या जहाजावर संकट ओढवते. तेथे शब्दाचा अर्थ चुकण्याची शिक्षा वहीवरील तांबड्या रेघेपेक्षा फार मोठी होती. म्हणून तेथे शब्द शिकायचा तो वस्तू हातात धरून, आणि लगेच वापरायचा तो कामात.

शब्दांपेक्षा व्याकरणाची वाट अधिक बिकट होती. आपण मराठीत ‘मी जहाज पाहिले’ असे म्हणतो. इंग्रजीत मात्र ते कोणते तरी एक जहाज, म्हणजे ‘अ शिप’, की आधी उल्लेख झालेले ते ठराविक जहाज, म्हणजे ‘द शिप’, हे सांगावेच लागते. मराठीप्रमाणे पोलिश भाषेतही असली उपपदे नाहीत. तेव्हा ‘अ’ आणि ‘द’ यांच्यापाशी जो मराठी विद्यार्थी अडखळतो, त्याने हे जाणावे की त्याच उंबरठ्यापाशी योझेफलाही थबकावे लागले होते.

ही उणीव भरून काढण्यास त्याने वाचनाचा आधार घेतला. प्रारंभी तो वर्तमानपत्र वाची. पुढे त्याने शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचा पाच शिलिंगांचा एक ग्रंथ वाचला. जहाज दुरुस्तीसाठी फाल्मथच्या सुक्या गोदीत उभे होते. कामगार मोगऱ्या मारमारून फळ्यांच्या फटी बुजवीत होते, आणि त्या ठोकाठोकीत सवड सापडेल तेव्हा हा खलाशी पाने उलटीत होता. लहानपणी त्याने शेक्सपिअरचे एक नाटक वडिलांनी केलेल्या पोलिश भाषांतरात वाचले होते. आता तो त्या कवीला त्याच्याच भाषेत भेटत होता.

जहाजावरील अधिकाऱ्यांच्या परीक्षा इंग्रजीतच होत. त्यांतील पहिली परीक्षा तो 1880 साली उत्तीर्ण झाला. पुढच्या दोन्ही परीक्षांत मात्र पहिल्या प्रयत्नी अपयश आले. त्याने धीर सोडला नाही. पुन्हा अभ्यास केला, पुन्हा परीक्षेस बसला, आणि 1886 साली कप्तानपदास पात्र ठरला. दरम्यान, 1884 साली, तो आपल्या मुंबई बंदरात ‘नार्सिसस’ नावाच्या जहाजावर अधिकारी म्हणून रुजू झाला होता. त्या प्रवासावर पुढे त्याने जी कादंबरी लिहिली, तिचा आरंभ मुंबईच्या बंदरातच होतो.

1889 साली त्याने आपली पहिली कादंबरी लिहावयास घेतली, तीही इंग्रजीत. प्रवासामागून प्रवास झाले. हस्तलिखित पेटीतून त्याच्याबरोबर हिंडत राहिले. आपली भाषा इंग्रजांना रुचेल काय, ही शंका त्याच्या मनात होतीच. शेवटी जहाजावरील एका सुशिक्षित, आजारी प्रवाशाला त्याने ते वाचावयास दिले आणि दुसऱ्या दिवशी विचारले, की हे पुरे करण्याच्या योग्यतेचे आहे काय? त्या प्रवाशाने एकाच शब्दात निश्चित होकार दिला. 1895 साली ‘ऑल्मेयर्स फॉली’ प्रसिद्ध झाली. तिच्यावर लेखकाचे नाव होते जोसेफ कॉनरॅड.

इंग्रजीतील थोर कादंबरीकारांत आज कॉनरॅड यांची गणना होते. 1924 साली ते निवर्तले. अखेरपर्यंत त्यांच्या बोलण्यात पोलिश वळण स्पष्ट ऐकू येई. पण उच्चार परका राहिला म्हणून त्यांनी बोलणे टाकले नाही, आणि चूक होईल म्हणून लेखणी खाली ठेवली नाही. परकी भाषा आपलीशी केली म्हणून त्यांना आपल्या माणसांचा विसरही पडला नाही. त्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत दोनच आद्याक्षरे आहेत. ती आहेत त्यांचा सांभाळ करणाऱ्या मामांच्या नावाची.

स्वाध्याय

1. कोळशाच्या जहाजाला योझेफचे ‘पहिले इंग्रजी विद्यालय’ का म्हटले आहे?
2. पोलिश व मराठी या भाषांत कोणते साम्य या पाठात सांगितले आहे?
3. योझेफने वाचनासाठी वेळ कसा काढला?
4. घरातील पाच वस्तूंची इंग्रजी नावे त्या वस्तू हाताळून शिका व प्रत्येक नाव दोन वाक्यांत योजा.
5. वाक्यात उपयोग करा : धीर सोडणे, संकट ओढवणे, उणीव भरून काढणे.